सव्वाआठ फुटांची वाट

गेल्या दिवाळीनंतर अलिबागजवळच्या आमच्या थळमधली एक वाट बंद झाली. कोळीवाड्यातून निघून दोन वाड्यांच्या मधून, वईच्या कडेकडेने बाजाराकडे येणारी ही वाट. त्यातली एक वाडी विकली गेली. वई निघाली, तिच्या जागी डोक्याहून उंच भिंत आली आणि वाटेच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं. माझ्या लहानपणापासून त्या वाटेने मासळीची पाटी घेऊन येणारी एक मावशी आता डांबरी रस्त्याने वळसा घालून येते. पूर्वी सात-आठ मिनिटांत बाजार गाठायची, आता वीस मिनिटं लागतात आणि मागून हॉर्न वाजला की पाटीसकट गटाराच्या कडेला सरावं लागतं. परवा बाजारात टेकल्या टेकल्या तिने मला विचारलं, “भिंत त्याची हाय रं, पन वाट कोनाची?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर कागद काढून बसलो. पुढचे मुद्दे त्यातून झाले. ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवायचे आहेत, आणि किहीम, नवगाव, वरसोली, नागावच्या लोकांनीही ते वाचावेत असं वाटतं, कारण सगळ्यांवर एकच वेळ आलेली आहे. २०१९ साली अख्खा अलिबाग तालुका मुंबई महानगर प्रदेशात गेला. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. यातला रो-रोचा बदल मला सर्वांत मोठा वाटतो. गेटवेहून लाँचने येणारा माणूस मांडव्याला पायी उतरायचा, बसमध्ये बसायचा. रो-रोतून माणूस उतरतो तो गाडीत बसूनच. तो थेट गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि गल्ली अरुंद आहे असं त्याला पहिल्यांदा वाटतं. त्याआधी तसं कुणालाच वाटलं नव्हतं.

१. थळ हे आधीच आखलेलं गाव आहे.

‘गावठाणं अस्ताव्यस्त वाढली, त्यांना शिस्त लावायची’ अशी भाषा विकास आराखड्याच्या बैठकांत ऐकू येते. ती मान्य करण्याआधी एकदा आमच्या कोळीवाड्यातून चालून बघावं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांमध्ये जेमतेम दोन पाट्या ओलांडतील एवढी जागा. दोन बाया समोरासमोर आल्या की एक जण ओट्याला टेकते, तिथेच पाटी उतरते आणि आज जाळ्यात काय लागलं ते दोन वाक्यांत सांगून होतं. ओट्याची उंची अशी की डोक्यावरची पाटी कुणाची मदत न घेता टेकवता यावी. गल्ली सरळ किनाऱ्यावर उघडत नाही, एकदोनदा वळते. पावसाळ्यात वळणाआधी छत्री उलटी होते आणि वळणानंतर सरळ राहते, हे थळच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. ज्यांनी गल्ल्या पाडल्या त्यांना वारा कुठून येतो ते माहीत होतं, उन्हात बोंबील वाळत घालायला मोकळी जागा किती लागते ते माहीत होतं, आणि होडी लागल्यावर मासळी बाजारात पोचायला किती वेळ परवडतो तेही.

ओटी, पडवी, माजघर, मागचं परस, परसातली विहीर आणि विहिरीपासून पाटाने भिजणारी नारळ-सुपारीची वाडी. अष्टागरातलं, म्हणजे आमच्या या पट्ट्यातलं घर रस्त्यापासून वाडीपर्यंत असं पायरीपायरीने आत जातं. ओटी घराची असते आणि गल्लीचीही असते. तिथे बसलेला म्हातारा घर राखतो आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर, खेळणाऱ्या पोरांवर नजर ठेवतो. भिंतीने हे दोन्ही तोडलं. भिंतीच्या बाहेर कोण पडलं ते आत कळत नाही.

२. पायी पोचण्याचं अंतर मोजता येतं.

१९८० साली अमेरिकेत मायामीला आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क या नवरा-बायकोने वास्तुरचनेचं एक कार्यालय काढलं. त्यांच्यापुढे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सीसाइड नावाची एक वस्ती आखायचं काम आलं. कामाची सुरुवात त्यांनी जुनी छोटी गावं हिंडून केली. रस्ते किती रुंद, घराची पडवी रस्त्यापासून किती लांब, दुकान किती घरांमागे एक, हे त्यांनी टेपने मोजलं. त्यातून त्यांनी एक साधं माप धरलं. वस्तीच्या मध्यापासून कडेपर्यंत पाच मिनिटांत, म्हणजे साधारण ४०० मीटरांत पायी जाता आलं पाहिजे. दूध, शाळा, बसथांबा, देऊळ, चार माणसं भेटण्याची जागा, सगळं त्या अंतरात. आज जगभर परंपरेच्या रीतीने वस्त्या आखणारी कार्यालयं आहेत, आणि अनेकांचं काम या पाच मिनिटांपासूनच सुरू होतं.

आपल्याकडे हे माप कुणी पुस्तकातून आणलं नव्हतं. अलिबागची इस्रायल आळी बघा. बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू लोकांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. नवगाव म्हणजे थळचा शेजार, तिथे त्यांचं जुनं दफनस्थान आहे. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना इथले लोक शनिवार तेली म्हणत. अलिबागच्या आळीत त्यांचं मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे, १८४८ सालचं. शाबाथच्या दिवशी वाहनात बसायचं नाही असा त्यांचा धर्मनियम. म्हणजे घर आणि प्रार्थनेची जागा पायांच्या टप्प्यात असणं भागच. एका नियमाने अख्खी आळी एकमेकांलगत बसली. आज आळीतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आहेत, पण तिथून चालताना घरांची ती जवळीक अजून जाणवते.

३. वाटेला कायद्यात जागा आहे, आणि मापही आहे.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. म्हणून हा मुद्दा नीट वाचावा.

आपली जमीन ज्या साखळीने मोजली गेली ती ३३ फुटांची होती, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. गाव नकाशा काढून पाहिला तर त्यात दुहेरी तुटक रेषेने गाडीमार्ग दाखवलेला असतो, साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा. आणि एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. म्हणजे साखळीचे चार आणे. मोजणी करणाऱ्यांनी गुंठ्यागुंठ्याचा हिशेब लिहिताना पायी चालणाऱ्याचे चार आणे वेगळे काढून ठेवले होते. वाडी विकताना दलाल सातबारा दाखवतो, गाव नकाशा दाखवत नाही. आपणही मागत नाही.

नकाशावर नसलेली पण वहिवाटीची वाट असेल तरी दार बंद होत नाही. शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट द्यायचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ ने तहसीलदाराला आहे. शेतात, वाडीत जाणारी चालू वाट कुणी अडवली तर ती मोकळी करून द्यायला मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५ आहे. मात्र त्यासाठी अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आपल्या गावात किती वाटा या सहा महिन्यांच्या अज्ञानाने गेल्या असतील, या विचाराने मला फार वाईट वाटतं. भिंत बांधणारा दरवेळी दांडगाई करतो असंही नाही. पुष्कळदा त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की इथून माणसं चालतात.

४. गावाची रीत शहरात नेणारा एक माणूस आपल्या जवळच होऊन गेला.

परंपरेच्या रीतीने वस्ती आखायची म्हणजे कौलारू घराची नक्कल, असा समज आहे. तो घालवायचा तर बेलापूरला जावं. चार्ल्स कोरिया यांनी शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर साठच्या दशकात मांडलं होतं की मुंबईची वाढ खाडीपलीकडे न्या. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत कोरिया तिचे मुख्य वास्तुरचनाकार होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी बेलापूरला घरांची एक वस्ती केली. आर्टिस्ट व्हिलेज म्हणून ती ओळखली जाते.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण ८ मीटर लांब, ८ मीटर रुंद. अशा तीन अंगणांची मिळून एकवीस घरं, त्यांच्या मध्ये १२ मीटरांचं मोठं अंगण. तशी तीन मिळून त्याहून मोठं, २० मीटरांचं मैदान. घरापासून अंगण, अंगणातून वाडा, वाड्यातून गाव. आपल्या आळ्या अशाच वाढल्या, पण कोरियांनी ते मापात बसवलं. ८ मीटर म्हणजे पलीकडच्या दाराशी आवाज न चढवता बोलता येईल एवढं अंतर. मी तिथे गेलो होतो तेव्हा दुपारची वेळ होती. एक आजी या दारात लसूण सोलत होती, समोरच्या दारातली सून तिच्याशी बोलत होती, मध्ये अंगणात एक पोर बसलं होतं. दोघींपैकी कुणी त्याच्याकडे सारखं बघत नव्हतं आणि तरी ते दोघींच्या नजरेत होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. आपल्या भाषेत अर्ध्या गुंठ्याच्या आतले ते पाऊण गुंठ्याचे. गरिबाचा आणि बऱ्या स्थितीतल्याचा भूखंड यात फरक एवढाच. आणि कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून नाही. त्यामुळे पैसे हातात आले की माणसाने आपल्या मर्जीने खोली वाढवावी, वर माळा चढवावा, त्याला शेजाऱ्याच्या परवानगीची गरज नाही. घरं साधी, गावचा गवंडी आणि सुतार बांधू शकेल अशी. घर हे एकदाच किल्ली देऊन संपणारं काम नाही, ते पोराच्या लग्नाबरोबर वाढतं, हे कोरियांना पटलेलं होतं.

आज तिथली बरीच मूळ घरं राहिलेली नाहीत. त्यांच्या जागी तीन मजले उभे आहेत आणि अंगणात गाड्या लागतात. काही जण त्याला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. घर वाढावं हीच तर अट होती. गाड्यांचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो थळलाही येणार आहे. अंगण कुणाच्या ताब्यात द्यायचं हे ठरवलं नाही तर ते गाडीच्या ताब्यात जातं.

५. आपल्या किनाऱ्यावर उत्तम घरं बांधली गेली. वस्ती मात्र कुणी बांधली नाही.

हे मी जपून लिहितो आहे, कारण मला त्या कामाबद्दल आदर आहे. बिजॉय जैन यांचा स्टुडिओ मुंबई १९९५ पासून काम करतो आहे आणि त्याची वाढ अलिबाग परिसरातच झाली. सुतार, गवंडी, पाथरवट कारागिरांना बरोबर घेऊन, त्यांचं कसब मान्य करून काम करणारं हे कार्यालय जगात नावाजलं गेलं. २००७ साली नांदगावला त्यांनी बांधलेलं पामायरा हाऊस नारळाच्या वाडीत आहे. ऐनाच्या लाकडाचा सांगाडा, ताडाच्या खोडापासून केलेल्या पट्ट्यांच्या झडपा, वारा आरपार. आगाखान पुरस्काराच्या अंतिम यादीत ते २०१० मध्ये होतं. आपल्या सुताराच्या हाताला इतका मान क्वचितच कुणी दिला असेल.

पण हे घर सुट्टीचं आहे आणि एकटं आहे. चोंढी, किहीम, आवास, सासवणे या भागात गेल्या तीस वर्षांत जी घरं झाली ती जवळपास सगळी अशी एकेकटी झाली. दोष वास्तुरचनाकाराचा नाही. त्याच्याकडे जो जातो तो वाडी घेऊन जातो आणि घर मागतो. आळी घेऊन जाणारा कुणी नसतो. ग्रामपंचायतीने वास्तुरचनाकाराकडे जाऊन ‘आमच्या दोनशे घरांच्या पोरांना याच गावात राहायचं आहे, चालत बाजाराला जाता येईल अशी नवी आळी आखून द्या’ असं म्हटल्याचं मी आजवर ऐकलं नाही. म्हणायला हवं ते हेच.

इथे सीसाइडची पुढची गोष्टही सांगायला हवी. वस्ती फार देखणी झाली, चालायला सुखाची झाली, १९९८ सालच्या ‘द ट्रूमन शो’ या चित्रपटाचं चित्रीकरणही तिथे झालं. आणि तिची कीर्ती जसजशी वाढली तशा तिथल्या किमती वाढल्या. आज तिथली घरं मुख्यतः सुट्टीत भाड्याने जाणारी आहेत. पाच मिनिटांवर दुकान आहे, पण त्या पाच मिनिटांत रोज चालणारं कायमचं माणूस थोडं. आपल्याकडे आराखडा चांगला झाला आणि घरं परत शनिवार-रविवारच्या पाहुण्यांनी घेतली, तर गाव सुंदर दिसेल आणि सोमवारी बंद असेल. म्हणून नव्या आळीतला भूखंड आधी गावात राहणाऱ्याला, आणि लहान, ही अट आराखड्याच्या आधी यायला हवी.

६. कॉलनी हे उत्तर नाही.

थळचा खत कारखाना १९८५ च्या सुमाराला सुरू झाला. तो चालवणाऱ्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सची कामगार वसाहत कुरूळला, अलिबागजवळ. वसाहतीत झाडं आहेत, सावली आहे, आत चालायला रस्ते बरे आहेत. पण तिला आवार आहे, फाटक आहे. शेजारच्या गावाची गल्ली तिच्यात शिरत नाही. नवे बिल्डर जी ‘गेटेड’ संकुलं विकत आहेत त्यांचाही तोच नमुना आहे, फक्त झाडं कमी आहेत.

७. ‘रस्ता रुंद करा’ या मागणीचं मूळ समजून घ्या.

रुग्णवाहिका आत येत नाही, असं सांगून गल्ली रुंद करायची मागणी होते. ही अडचण मी पाहिली आहे, माझ्याच घरातल्या माणसाला खाटेवरून बाहेर आणावं लागलं होतं. तेव्हा त्याला मी क्षुल्लक म्हणणार नाही. पण तेवढंच कारण नसतं. राज्याच्या बहुतेक भागाला २०२० पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात एफएसआय रस्त्याच्या रुंदीला बांधलेला आहे. रस्ता जितका रुंद, तितकं बांधकाम जास्त. म्हणजे गल्ली रुंद झाली की कडेच्या जागेची किंमत चढते. मग आपलाच भाऊ ओटी पाडायला तयार होतो. त्याला नावं ठेवून उपयोग नाही, नियमच त्याला तिकडे ढकलतो.

पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश विद्वान १९१४ साली भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांनी आपल्याकडच्या पुष्कळ शहरांचे अहवाल लिहिले. त्यांची रीत अशी, की नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ता काढण्याआधी प्रत्येक गल्ली स्वतः पायाखाली घालायची. मग पडकं घर कुठलं, निकामी भिंत कुठली ते हेरून तेवढंच काढायचं, तिथे झाड लावायचं, ओटा बांधायचा. शस्त्रक्रिया करायचीच तर हात राखून. गेडिस यांनी वारंवार दाखवून दिलं की सरसकट रुंदीकरणात जितकी घरं जातात त्याच्या थोड्या अंशात काम भागतं.

थळच्या बाबतीत मी हेच मागतो आहे. प्रत्येक गल्लीत खाट, चाकाची खुर्ची, गॅसची टाकी वळेल अशा जागा शोधू. जिथे पडीक चौथरा आहे तिथे वळायची जागा करू. अरुंद गल्लीत शिरेल अशी लहान विजेवरची रुग्णगाडी पंचायतीने घ्यावी, आणि आगीसाठी गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे नळ. पाहुण्यांच्या गाड्या गावाच्या कडेला थांबाव्यात आणि त्याचं शुल्क पंचायतीला मिळावं.

आणखी एक. आपल्या गल्ल्या आणि पाणंदी पाण्याच्याही वाटा आहेत. पावसाचं पाणी वाड्यांमधून वाट काढत समुद्राला जातं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने या जिल्ह्यातल्या वाड्या आडव्या केल्या तेव्हा माणसं एकमेकांपर्यंत पोचली ती वईतल्या फटींमधून, पडलेले माड ओलांडत. भिंतीला फट नसते.

८. जो चालू शकत नाही त्याचं काय?

या प्रश्नाने अशा चर्चा नेहमी अडतात, आणि अडायलाच हव्यात. आपल्याच जिल्ह्यात माथेरान आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही, रुग्णवाहिका आणि अग्निशमन सोडून. २००३ साली ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. चालण्यासाठी सबंध गाव राखता येतं याचा हा पुरावा रोज डोळ्यांसमोर आहे. पण तिथे अनेक दशकं माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत होता. पर्यटकाला मोटारीपासून मुक्तता मिळाली ती कुणाच्या तरी छातीच्या जोरावर. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं, त्याऐवजी ई-रिक्षा द्या म्हणून.

चालण्याजोगं गाव हवं म्हणताना डोक्यावर पाटी घेतलेल्या मावशीचे गुडघे मी विसरू शकत नाही. तिला वाट मिळाली पाहिजे, आणि त्या वाटेवर चाकांची हातगाडी चालेल अशी सपाट फरशीही मिळाली पाहिजे. पायऱ्यांच्या कडेने उतार हवा. अंतर कमी ठेवायचं ते याचसाठी, की साठीच्या बाईला ते झेपावं. आठशे मीटर तरणाताठा माणूस चालतो, चारशे सगळे चालतात.

९. समुद्राकडे जाणाऱ्या वाटा.

सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत एक तरतूद आहे. दोन हॉटेलं किंवा रिसॉर्ट यांच्यामध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंद मोकळी जागा सोडली पाहिजे. चांगली तरतूद आहे. पण ती हॉटेल-रिसॉर्टसाठी आहे. ओळीने खाजगी बंगले झाले तर हा नियम त्यांना सांगता येत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावर झालेत ते बहुतांशी बंगलेच. सुरूच्या बनापलीकडे खांदेरी-उंदेरी दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम काढलं, त्यानंतर सिद्दीने उंदेरी धरली, आणि या दोन्ही बेटांवर थळच्या किनाऱ्यावरून नजर ठेवली गेली. २०२५ मध्ये खांदेरी किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, आता बघायला येणारे वाढतील आणि होड्या थळहूनच सुटतील. कोळी नाखवे खांदेरीच्या वेताळाला मानतात, त्याच्यासाठी आणि धंद्यासाठी त्यांना किनाऱ्यावर जायचं असतंच. तिथवर जाणारी प्रत्येक गल्ली आज नोंदवली नाही तर पाच-दहा वर्षांत किनाऱ्यावर उतरायला एकच डांबरी रस्ता राहील, आणि त्यावर वाहनतळ असेल.

१०. मागण्या.

ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात ‘वाटा’ असं स्वतंत्र शीर्षक असावं. गाव नकाशा ग्रामपंचायतीत भिंतीवर लावावा, त्यावरची प्रत्येक तुटक रेषा जागेवर जाऊन तपासावी. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातात. त्या मोजणीत घरं आली तर वाटाही आल्या पाहिजेत. ड्रोनला माडाखालची वाट दिसत नाही, ती माणसाने दाखवावी लागते.

वास्तुरचना महाविद्यालयांतली मुलं जुन्या गावांत येऊन घरांची मापं काढतात, तो त्यांच्या शिक्षणाचा भाग असतो. त्यांना थळला बोलवावं, आठ दिवस घराघरांत जेवायला घालावं. नवी आळी आखायला पंचायतीने जे कार्यालय नेमावं त्याला एकच अट घालावी. पहिली रेघ मारण्याआधी पंधरा दिवस गावात राहून, पहाटे होड्या लागतात तेव्हापासून रात्री बाजार मिटेपर्यंत, लोकांबरोबर चालावं. चित्रं आणि मॉडेल त्यानंतर दाखवावीत.

आणि मावशीच्या वाटेचा अर्ज. सहा महिन्यांतले तीन होत आले. त्या वाडीच्या मालकाला मी आधी भेटणार आहे, कदाचित फाटकाचं कुलूप काढून तो मोकळा होईल. नाही झाला तर तहसीलदार. अर्जाला त्या वाटेने चालणाऱ्यांच्या सह्या हव्यात, मोजमाप हवं आणि जुना नकाशा हवा. नकाशाची नक्कल मी मागवली आहे. येत्या रविवारी सकाळी सातला बाजारात जमू. टेप माझ्याकडे आहे. वहीत लिहायला दोघं जण हवेत, आणि कुठल्या माडापाशी वाट वळायची ते दाखवायला मावशी येणार आहे.